दुसरा दांडा

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा घरात तासाभरात पहिल्यांदा आवाज झाला.

सासूबाई उंबऱ्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. हे भिंतीला पाठ टेकून जमिनीवर. मी शिलाई मशीनपुढे, पायट्यावर पाय नुसते ठेवून. आमची पाच वर्षांची ठकू माझ्या स्टुलाखाली बसून चिंध्यांच्या घड्या घालत होती, तीही गप्प.

"बघ गं, उतू जाईल," सासूबाई म्हणाल्या.

"नासलेलं दूध उतू जात नाही," हे म्हणाले.

तेवढंच बोलणं झालं. मी उठून गॅस बंद केला.

महिन्याभरापूर्वी नदीवरचा पूल एका बाजूनं खचला. पूल होता तोवर आमची पिकअप सगळ्या वस्तीचं दूध घेऊन सपाट रस्त्यानं पाऊण तासात डेअरीच्या केंद्रावर पोचायची. आता उरला टेकडीवरून जाणारा खाणीचा रस्ता. खाण बंद पडलेली, डांबर उखडलेलं, आणि मधला चढ असा की माणूससुद्धा गुडघ्यावर हात देऊन चढतो. महिनाभर यांनी कसंबसं रेटलं. एकदा क्लच प्लेट बदलली. त्या दिवशी सकाळी चढाच्या मधोमध दुसरी जळाली. तीस कॅन दूध घेऊन गाडी उभी. यांनी चाकांमागे दगड लावले आणि ऊन वर येताना बघत बसले. दुपारी ट्रॅक्टरनं ओढून खाली आणली तेव्हा दूध गेलं होतं.

मग ज्याचा कॅन त्याच्या दारात परत न्यायचा. मी सोबत गेले. शेजारच्या वहिनींनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि काही न बोलता कॅन तिथंच गटारात ओतला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या गायीचं तेवढं मी घरी आणलं, पातेल्यात ओतलं. टाकून द्यायला हात धजेना.

संध्याकाळी डेअरीचे सुपरवायझर मोटारसायकलवरून आले. उतरलेसुद्धा नाहीत.

"दहा दिवस थांबतो," ते म्हणाले. "तोवर दूध ट्रॅक्टरनं येईल. दहाव्या दिवशी तीसच्या तीस कॅन आठच्या आत केंद्रावर उतरले, तर फेरी तुमची. नाही तर ट्रॅक्टरवाल्याला वर्षभराचं लिहून देतो. माझाही इलाज नाही, आठला टँकर सुटतो."

"दोन खेपा केल्या तर?" मी विचारलं.

"दुसरी खेप कोणाला पाजणार, वहिनी?"

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मावसभावाला फोन कर. ट्रेलरवर ड्रायव्हरची जागा आहे म्हणत होता ना."

 मावसभाऊ बंदरावर ट्रेलर चालवतो आणि वर्षातून दोनदा घरी येतो. हेही एकदा असेच गेले होते, ठकू दीड वर्षाची असताना, आठ महिने. परत आले तेव्हा तिनं दारातूनच मला हाक मारली, "आई, कोणी काका आलेत." हे हसले होते, सगळ्यांसमोर. मग मोरीत हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"फोन नको," मी म्हटलं. "दहा दिवस आहेत ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक गोष्ट आहे डोक्यात," ते म्हणाले. "पण हसायचं नाही."

खाणीवर पूर्वी एक पाण्याचा टँकर यायचा. त्याला एकामागे एक दोन गिअरबॉक्स होते. "पहिला गिअर काय करतो? वेग कमी करतो, जोर वाढवतो," हे बोटांनी जमिनीवर काढून दाखवत होते. "त्याच्या मागे आणखी एक गिअरबॉक्स जोडला, तर त्या जोराचा आणखी जोर होतो. इंजिन तेच. गाडी मुंगीसारखी चालेल, पण चालेल."

"एका घरात दोन सुना नांदवायला निघालास की," सासूबाई म्हणाल्या.

"नांदवतो, आई."

"मी एकच आणली, तरी दमले."

मी हसले. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

भंगारवाल्याकडून आमच्याच जातीच्या मोडक्या पिकअपचा गिअरबॉक्स आणला. दोघांनी उचलून अंगणात ठेवला तेव्हा माझ्या कमरेतून कळ गेली. डिझेलमध्ये ब्रश बुडवून मी दोन दिवस तो घासला. वर बोटभर जाड काळं तेलकट किटण. नखांत शिरलं ते साबणानं निघेना, म्हणून त्या दोन दिवसांत शिवायला आलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांना हात लावला नाही. ठकूला पान्यांचे आकडे ओळखता यायला लागले. "चौदाचा!" म्हटलं की चौदाचाच आणायची. शाळेत अजून दहापुढे गेले नव्हते.

हे गोणपाटावर उताणे पडून गाडीखाली सरकायचे. मला दिसायचे ते यांचे पाय तेवढे, आणि पायांवरून कळायचं आत काय चाललंय. बोल्ट सुटत नसला की अंगठे ताठ. सुटला की टाचा सैल. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट यांनी काढला, मधे कापला. उरलेला तुकडा ठकूनं मागितला, तिला बाहुली झोपवायची होती. नवी क्लच प्लेट चढवली. चौकटीला आडवी पट्टी जोडली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी यांच्या मानेवर तिळासारखे डाग पडले. संध्याकाळी मी खोबरेल लावायची, तेव्हा हे म्हणायचे, "जरा जोरात लाव, म्हणजे तू आहेस हे कळेल."

पाचव्या दिवशी अडलं. दुसरा गिअरबॉक्स पुढून धरून ठेवायला एक जाड गोल पोलादी पाटी हवी होती. कडेनं बोल्टांची भोकं, गिअरबॉक्सच्या तोंडावर असतील तशीच. आणि मधोमध बेअरिंग बसायला गोल खोबण. खोबणीला एका अंगानं बारीक ओठ, म्हणजे जोर आला तरी बेअरिंग निसटू नये. भोकं सात, पण सगळी सारख्या अंतरावर नव्हती.

"मोजू कसं हे?" यांनी पट्टी फेकली. "एक इकडे, एक तिकडे. बनवणारा झोपेत होता काय?"

"सरका," मी म्हटलं.

मी खाका काढायचा मोठा कागद आणला, गिअरबॉक्सच्या तोंडावर ताणून धरला आणि त्यावरून काळी पेन्सिल आडवी फिरवली. कडा उमटल्या, भोकं उमटली, सातही. ठकूनं टाळ्या वाजवल्या. हे कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठं?"

कागद घेऊन मी लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांचं वर्कशॉप गिरणीच्या शेजारी आहे. गिरणीचं पीठ उडून त्यांच्या मशीनवर बसतं आणि दोघांची रोज भांडणं होतात. काकांनी दोरीनं बांधलेला चष्मा वर केला, कागद उजेडात धरला.

"कोणी काढला?"

"मी."

"बाई, माझ्याकडे डिप्लोमा झालेली दोन पोरं येऊन गेली, असा नाही काढला कोणी." यांनी आधी कळवलेल्या मापानं त्यांनी पोलादाची पाटी लेथवर चढवून मधली खोबण करून ठेवलीच होती. आता कागद चिकटवून भोकं पाडायची. "कुठल्या बाजूला चिकटवू?"

"पाठीमागच्या," मी लगेच म्हटलं.

"पाठीमागच्या?"

"हो, मागेच."

बाराव्या वर्षी आईनं मला कात्री दिली तेव्हापासून हाताला एकच वळण आहे. खडूची खूण कापडाच्या उलट्या बाजूला करायची, म्हणजे सुलट्या बाजूला डाग दिसत नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी मागेच म्हटलं असतं. काकांनी खांदे उडवले, कागद मागच्या बाजूला चिकटवला आणि ड्रिल सुरू केलं.

सहाव्या दिवशी हे पाटी घेऊन गाडीखाली गेले. पहिला बोल्ट बसला. दुसरा बसला. मग अंगठे ताठ झाले आणि बराच वेळ ताठच राहिले.

"बॅटरी धर इकडे."

मी पोटावर सरपटत आत गेले. तिसरं भोक बोटभर बाजूला होतं. चौथं तर कुठल्या कुठं. यांनी पाटी काढली, पालथी केली, लावली. सातही भोकं चपखल जुळली.

"जुळलं की!" मी म्हटलं.

"भोकं जुळली. खोबण पालथी झाली." यांचा आवाज अगदी हळू होता. "ओठ त्या अंगाला गेला. जोर येतो ह्या अंगानं. पहिल्याच चढाला बेअरिंग बाहेर येईल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोरून काढलेला खाका मी मागे चिकटवायला सांगितला होता. आरशात उजव्याचं डावं होतं, तसं सगळं झालं होतं.

हे बाहेर आले, हात पुसले आणि उठून विहिरीकडे चालत गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते इतर. गिरणीवर बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुपारी ट्रॅक्टरवाला मुद्दाम आमच्या दारावरून गेला, इंजिन चालू ठेवूनच ओरडला, "काय वहिनी, गाडीला झालर लावायची राहिली का?" मागे ट्रॉलीवर बसलेले दोघं खिदळले.

सासूबाई दारात आल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या विजारीची शिवण उसवलीय मागून. तेवढी आणून दे, झालर तिथं लावू."

तो गेला. त्या आत येऊन भांडी घासायला बसल्या, जरा जास्तच जोरात.

तशी दुसरी पाटी मिळायची नव्हती. ती काकांनी खाणीच्या जुन्या यंत्राची कापून आणलेली, एकुलती एक. चार दिवस उरलेले. मी मशीनवर बसले, कारण दुसरं काय करणार. गणवेशाचा एक फ्रॉक अर्धा झालेला होता. त्याचा गळा मागल्या आठवड्यात माझ्याकडूनच जरा मोठा कापला गेला होता आणि मी त्याला आतून वेगळी पट्टी लावून तो बंद केला होता. टाके पक्के होते. मी पट्टी बोटानं ओढून बघितली. पुन्हा ओढली.

गळा चुकला म्हणून कोणी फ्रॉक फेकून देत नाही.

पाटी जुन्या झबल्यात गुंडाळली आणि कडेवर घेतली. दहा-अकरा किलो असेल. ठकूला दीड वर्षाची असताना घ्यायचे तशीच घेतली, कमरेवर टेकवून. अर्ध्या रस्त्यात हाताला मुंग्या आल्या, तेव्हा बाजू बदलली. गिरणीपाशी दळण घेऊन बसलेल्या बायका गप्प झाल्या आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या.

"काका, पालथीच लावायची," मी म्हटलं. "ओठ नको त्या अंगाला आहे, तो राहू दे. ह्या उघड्या अंगाला वेगळी पट्टी लावा. गोल. स्क्रूनं आवळून. बेअरिंग आत घातल्यावर वरून पट्टी."

काकांनी पाटी फिरवून बघितली. खोबणीत अंगठा फिरवला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"पट्टी वर राहिली तर शाफ्टला घासेल."

"मग तिच्यापुरता काठ खोल करा. म्हणजे सपाट बसेल."

"हे डोकं चालवलंस कुठं?"

"फ्रॉकच्या गळ्यावर."

काका एवढे हसले की गिरणीवाला बघायला आला. "जा," काका त्याला म्हणाले, "तुझं पीठ बघ. इथं शिवणकाम चाललंय."

परत आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. हातात फोन होता. मी पाटी समोर ठेवली. यांनी बेअरिंग घातलं, पट्टी बसवली, सहा स्क्रू आवळले, मग हातोडीच्या लाकडी मुठीनं मागून ठोकून बघितलं. हललं नाही. फोन खिशात टाकला.

"मावसभावाला लावला होता?" मी विचारलं.

"वाजत होता. उचलला नाही त्यानं."

"बरं झालं."

"हं," हे म्हणाले, आणि गोणपाट उचललं.

नवव्या दिवशी सगळं जुळलं. गाडीच्या जमिनीला छिन्नीनं भोक पाडून दुसऱ्या गिअरबॉक्सचा दांडा वर काढला, पहिल्याच्या मागे, दोन सीटांच्या मधे. रिकामी गाडी चढावर नेली. दोन्ही दांडे पहिल्या गिअरमध्ये टाकून यांनी क्लच अलगद सोडला, आणि गाडी हलली. हलली म्हणजे काय, चाकाजवळचा दगड बघितला तरच कळावं एवढी. पण इंजिन कुठंही कण्हलं नाही. यांनी माझ्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात खाडकन दुसरा दांडा उडून गिअर सुटला. गाडी मागे घसरली. यांनी ब्रेक दाबला.

पुन्हा टाकला. पुन्हा उडाला. जुना गिअरबॉक्स, आतली स्प्रिंग थकलेली. ती बदलायची तर सगळं पुन्हा खाली उतरवायला हवं, आणि स्प्रिंग तरी कुठं होती?

यांनी एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्यानं दांडा दाबायचा प्रयत्न केला. पहिल्याच वळणावर दोन्ही हात स्टेअरिंगला लागले. दांडा उडाला. हे स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसले.

मी शेजारच्या सीटवरून हात पुढे केला आणि दांडा मागे ओढून दाबून धरला.

"सोडा क्लच."

"तीस कॅनांचा जोर असेल उद्या. खांदा निखळेल."

"माझा आहे. सोडा."

दहाव्या दिवशी पहाटे सगळी वस्ती कॅन घेऊन रस्त्यावर. शेजारच्या वहिनींनी आपला कॅन स्वतः चढवला. "या खेपेला तरी," एवढंच म्हणाल्या. मी केबिनमध्ये बसायला गेले तर मधल्या जागेत ठकू, चप्पल घालून, केस न विंचरलेले. उतरवायला गेले तर तिनं सीटला घट्ट मिठी मारली. भांडत बसायला वेळ नव्हता. मी तिला माझ्या आणि दाराच्या मधे दाबून बसवलं.

चढ सुरू झाला तसे यांनी दोन्ही दांडे टाकले. "धर." मी धरला. लोखंडातून गुरगुर आली, तळहातातून कोपरात, कोपरातून दातांत. मागे कॅन एकमेकांवर थडथडत होते. उजाडलं होतं. एक म्हातारा शेळ्या घेऊन मागून आला, आमच्या शेजारून चालला, काचेतून आत डोकावला.

"उतरून चाला, लवकर पोचाल," तो म्हणाला.

"काका, पुढं व्हा तुम्ही," हे म्हणाले. तो पुढं झाला. शेळ्याही पुढं झाल्या.

मधला चढ आला. नाक वर झालं आणि समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. दांडा माझ्या हातात जिवंत झाला. उडी मारायला बघत होता. मी दुसरा हातही लावला, डावा पाय समोरच्या पत्र्याला टेकवला आणि सगळं अंग मागे टाकलं. घामानं पकड निसटायला लागली. पदर काढून भोवती गुंडाळायचा तरी हात कुठला मोकळा?

"ठकू, माझा पदर दे, दांड्यावर टाक. वर. इथं."

तिनं टाकला. वरून आपले दोन्ही हात ठेवले, माझ्या हातांवर. यांनी एकदाच बघितलं आणि पुन्हा रस्त्यावर नजर लावली. यांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती.

"अजून किती?" मी विचारलं.

"बोलू नकोस."

"अजून किती, अहो?"

"वळण झालं की बस. धर. धरून ठेव. झालं, झालं, झालं."

गाडीचं नाक खाली आलं. झाडं दिसली, मग रस्ता, मग लांब खाली केंद्राचं पत्र्याचं छप्पर. उतारालाही तीच सांगड ठेवून हे हळूहळू खाली आले, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. केंद्राच्या घड्याळात आठला वीस मिनिटं कमी होती.

सुपरवायझरांनी कॅन स्वतः उतरवून घेतले. प्रत्येकाचं झाकण उघडून वास घेतला. तिसावा झाला तेव्हा त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, बराच वेळ.

"कोणी बसवलं?"

"आम्ही," हे म्हणाले.

"टिकेल?"

"रोज बघतो मी खालून."

"ठीक. फेरी तुमची." ते हात झटकत उठले. "पुलाला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. तोवर तरी निवांत राहा."

ट्रॅक्टरवाला आवारातच उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. आम्हीही नाही.

माझी बोटं सरळ होत नव्हती. यांनी नळाखाली माझा हात धरला आणि एकेक बोट उघडलं. तळहातावर दांड्याच्या मुठीचा गोल लाल वळ उठला होता. "उद्या साडेपाचला निघायचं," हे म्हणाले. "जमेल?"

"शर्ट दुपारी शिवीन."

"स्प्रिंग शोधतो तोवर."

"शोधा सावकाश," मी म्हटलं. का म्हटलं, मलाच कळलं नाही.

परतीला गाडी रिकामी. सपाटीवर दुसरा गिअरबॉक्स नुसता फिरतो, त्याला धरावं लागत नाही. यांनी खिडकी उघडली. कितीतरी दिवसांनी हे शीळ घालत होते. रिकामे कॅन मागे वाजत होते. माझा हात दांड्यावर तसाच होता. ठकूनं तो बघितला, मग बाबांकडे बघितलं, मग पुन्हा मला विचारलं,

"आई, पूल झाला की मग बाबांना तू लागणार नाहीस?"